मागची तीन कोरी पानं

दातांच्या डॉक्टरने अकरा वर्षं पिच्छा पुरवून तो ग्रंथ मिळवला होता. पाचशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेला जगाचा इतिहास, पानोपानी लाकडी ठशांची चित्रं. दवाखाना मुलीवर सोपवल्यापासून त्याचा सगळा जीव त्या ग्रंथात अडकलेला. हात धुतल्याशिवाय बायकोलाही तो जवळ फिरकू देत नसे.

महिनाभर राहायला आलेल्या थोरल्या बहिणीला मात्र त्याने आपण होऊन तो दाखवला आणि तिथेच चुकला. ताईने पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता.

"हे शहर मघाशीच येऊन गेलं की," दहा-बारा पानांतच ती म्हणाली. "तेच बुरूज, तोच पूल. नाव तेवढं वेगळं."

"तेव्हा एकच ठसा चार-चार शहरांना वापरायचे, ताई."

"आणि हा राजा? मागे हाच माणूस तत्त्ववेत्ता होता! मुलांनी असं केलं असतं तर वर्गाबाहेर उभं केलं असतं मी."

तो आतल्या आत चडफडला. तिचं तोंड बंद करायला त्याने मागची तीन कोरी पानं उघडली. वर छापलेल्या एका ओळीचा अर्थ ऐटीत सांगितला: यापुढे जगात जे घडेल, ते वाचणाऱ्याने इथे लिहावं.

"बहुतेक प्रतींतून ही पानं गेली. माझ्याकडे तिन्ही आहेत, तीही कोरी करकरीत. पुढच्या महिन्यातल्या दुर्मिळ ग्रंथांच्या प्रदर्शनात हीच उघडून ठेवणार आहेत."

ताईने नुसतं "हं" केलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथ टेबलावर ठेवून तो प्रदर्शनातली काचेची पेटी बघायला गेला. दुपारी परतला, तर ताई फाउंटन पेनला टोपण लावत होती. अडीच पानं भरली होती. समास सोडून, परिच्छेद पाडून, वळणदार अक्षरात. क्रांत्या, यंत्रं, दोन महायुद्धं, चंद्रावरचा माणूस.

"ताई! हे काय केलंस?"

"अडीच पानांत पाचशे वर्षं बसवायची म्हणजे गंमत नाही रे," मान मोडत ती म्हणाली. "मान आखडली पार."

"कोरी होती म्हणून तर अप्रूप होतं त्यांचं!"

"लिहा म्हणून छापलंय, तूच सांगितलंस. पाचशे वर्षांत एकानेही गृहपाठ केला नाही, मी केला तर माझ्यावर ओरडतोस?"

बायको हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली.

ग्रंथ दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. भिंगातून बराच वेळ बघून म्हणाल्या, "शाई मुरलीय. काढायला जाल तर कागद जाईल." आणि निघताना दारातून, "अक्षर मात्र सुरेख आहे हं." त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रदर्शनवाल्यांनी दुसरंच पान उघडायचं ठरवलं.

आठ दिवस तो ताईशी बोलला नाही. नवव्या दिवशी, नुकसान नक्की किती ते तरी बघू म्हणून, तिचं लिखाण वाचायला बसला. दुसऱ्या पानाच्या मध्यावर थबकला आणि तरातरा तिच्या खोलीत गेला.

"पहिलं महायुद्ध संपल्याचं साल चुकलंय तुझं. एका वर्षाने."

"शक्यच नाही."

"चल, दाखवतो!"

चष्मा शोधत ताई उठली. "चुकलं असेल तर खोडून दुरुस्त करू. पेन कुठे ठेवलंस माझं?"

"ताई, पेनाला हात लावायचा नाही!" तो जीव खाऊन ओरडला आणि तिच्या आधी टेबल गाठायला धावला.