सोड म्हणेपर्यंत

सोमवारी सकाळी साच्यातून मशीनगन निघाली ती दोन अंगठ्यांसकट.

विश्राम बोरुडेने ती उजेडाकडे धरली. बंदुकीत काही खोट नव्हती. एकास पस्तीस मापाची, काडेपेटीतल्या काडीएवढी, मागं दोन मुठी आणि मुठींच्या मधे खटका. खऱ्या बंदुकीत तो खटका दोन्ही अंगठ्यांनी दाबायचा असतो. इथं त्यासाठी अंगठे आलेले होते, मोहरीहून बारीक. भिंगाखाली डाव्या अंगठ्यावर एक आडवा वण दिसला. विळीवर नारळ खोवताना झालेला.

वण शालनचा होता. विश्राम स्वयंपाकघरात गेला. बायको लसूण पुढ्यात घेऊन बसली होती आणि सोलत नव्हती.

"अंगठे नाहीत," ती म्हणाली. "सकाळपासून."

"दुखतंय?"

"नाही. लसूण तेवढा राहिलाय."

विश्रामने लसूण सोलला.

भिंगारच्या त्या घरात, मागच्या खोलीत, तो रेझिन ओतून रणगाड्यांच्या मॉडेलसाठी सुटी शस्त्रं बनवायचा. खोक्यात कंपनी देते ती बंदूक म्हणजे नुसती काडी. शौकीन माणसाला नळीला भोक लागतं. टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला विश्राम ते भोक हाताने पाडायचा, सरळ, स्वच्छ, केसाला लाजवील असं. नाशिकच्या एका दाताच्या डॉक्टरांना त्याच्या नळ्यांचं इतकं वेड, की पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून ते फोन करायचे. पाकिटात टाकायची चिठ्ठी विश्राम स्वतः लिहायचा. त्या दिवशीही सवयीने लिहिली:

*माप १:३५. मशीनगन. एक नग. अंगठे सोबत. जोडणी लागत नाही.*

मग ती फाडली.

चूक शुक्रवारची होती. साचा करताना बंदूक आधी मातीत अर्धी रुतवायची, भोवती चौकट उभी करायची आणि वरून सिलिकॉन ओतायचं. मातीची कड उचलत होती. विश्रामने शालनला हाक मारून तिचे दोन्ही अंगठे कडेवर ठेवले आणि सांगितलं, "दाबून धर. मी सोड म्हणेपर्यंत सोडू नकोस." तेवढ्यात नाशिकचा फोन आला. डॉक्टरांचं बोलणं म्हणजे मारुतीचं शेपूट. तो परतला तेव्हा कड नीट बसली होती आणि शालन आत मेथी निवडत होती. त्याने ओतून टाकलं. सिलिकॉन कातडीचं छिद्रसुद्धा विसरत नाही. शालन उठली होती, पण तिने सोडलं नव्हतं. हे तेव्हा बघून कळण्यासारखं नव्हतं.

मंगळवारी मनगटापर्यंत हात आले. विश्रामने ते पात्याने बंदुकीपासून कापले, चिमट्यात धरले आणि शालनच्या मनगटांना चिकटवायला गेला. पहिला हात तिच्या बाहीच्या शिलाईत हरवला.

"राहू दे," शालन म्हणाली. "शोधताना पाय पडेल."

बुधवारी त्याने ओतलंच नाही. तरी कोपर गेले, खांदे गेले. साचा तेवढा जड झाला. म्हणजे ओतणं फक्त दाखवत होतं. जाणारं जातच होतं. साचा कापून बघावा म्हणून त्याने पातं लावलं, तर आतून शालनचा श्वास अडकल्यासारखा आवाज आला. त्याने पातं ठेवून दिलं. नाशिकच्या डॉक्टरांना फोनवर सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, अंगठ्यांची कल्पना झकास आहे, बाकीची बाई कधी येतेय?

गुरुवारी दुपारी तो शेजारच्या जालिंदरअण्णांकडे गेला. अण्णा तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार, पडवीत शेंगा फोडत बसलेले. त्यांनी आधी आपली नेहमीची गोष्ट सांगितली. त्यांचा साताऱ्याचा सुभेदार सरावाच्या भरात ठरलेला हुकूम विसरायचा आणि हात उंचावून नुसता ओरडायचा, सोड. की तोफ सुटलीच. एकदा तो चहाचा गरम कप हातात घेऊन असंच ओरडला, तर समोरचा डोंगर हलला. ही गोष्ट विश्रामने शंभरदा ऐकली होती. हसून झाल्यावर त्याने शालनचं सांगितलं.

अण्णा शेंग फोडायचे थांबले.

"पहाऱ्यावर ज्यानं उभं केलं, त्यानंच उतरवायचं असतं. तू तिला सोड म्हणालास?"

"नाही."

"मग ती बिचारी हुकूम पाळतेय, आणि तू इथं शेंगा खातोयस."

विश्राम धावत घरी आला. स्वयंपाकघरात पातळ खुर्चीवर पडलं होतं, निऱ्या तशाच. शालन नव्हती. ओट्याच्या वर, जिथं तिचं तोंड असायचं, तिथून आवाज येत होता.

"सोड," तो म्हणाला. "शालन, सोड."

"तुम्ही काही बोलत असाल तर ऐकू येत नाहीये," आवाज म्हणाला. "कान मघाशीच गेले. उद्या सकाळी ओता. अर्धवट ठेवू नका मला."

शुक्रवारी त्याने रेझिन ढवळलं, सावकाश, एकाच दिशेने. साचा टेबलावर हलके हलके आपटला. बुडबुडा राहायला नको होता. निदान चेहऱ्यात तरी. ओट्यावरचा आवाज गणपतीची आरती पुटपुटत होता. कडव्याच्या मध्यावर तो थांबला.

वीस मिनिटांनी त्याने साचा उघडला.

शालन आली होती. अख्खी, करंगळीहून लहान, राखाडी, बंदुकीमागे उभी, खुर्चीवरचंच पातळ नेसून. आवाज मात्र पूर्वीच्याच मापाचा होता.

"येतंय ऐकू," ती म्हणाली. "सांगा आता."

विश्रामने तोंड उघडलं आणि त्याला साताऱ्याचा सुभेदार आठवला.

नळी त्याच्याकडे होती. तो डावीकडे सरकला. नळी डावीकडे आली. तो उजवीकडे सरकला. भोक त्यानेच पाडलेलं होतं. सरळ, स्वच्छ.

"ऊठ," तो म्हणाला.

"हा शब्द नव्हता."

"पुरे झालं. ये बाहेर."

"हाही नाही. काय म्हणाला होतात ते म्हणा. आठ दिवस धरून बसलेय मी."

मागे फोन वाजू लागला. नाशिकचा.

"उचलू नका," शालन म्हणाली. "मागच्या वेळी उचललात."

त्याने उचलला नाही. भिंग डोळ्याला लावलं. अंगठे खटक्यावर होते. दाबलेत की नुसते टेकलेत, ते कळेना. डाव्यावरचा वण ताणून गुळगुळीत झाला होता. टेबलावर नवी चिठ्ठी होती आणि तिच्यावर, त्याच्याच अक्षरात, *एक नग* एवढंच आधी लिहिलेलं होतं. कुठला नग, ते लिहायचं राहिलं होतं.

फोन थांबला.

"अहो, सांगा ना. कळ लागलीय अंगठ्यांना."

विश्रामने जीभ दातांमागे टेकवली. भिंगात दोन्ही नखं कडेकडेने पांढरी होत होती.