गतिनाथांचं तीर्थ आणि उपाशी टाकी

रविवारी सकाळी त्र्यंबक रस्त्यावरच्या गतिनाथ आश्रमाबाहेर भली मोठी रांग लागली होती. इतर ठिकाणी माणसं दर्शनाला जातात आणि गाड्या पार्किंगला. इथे गाड्या दर्शनाला आणि माणसं बाजूला हात जोडून उभी. जमिनीला टेकलेले बंपर, डिकीवर पंख, फाटक्या आवाजाचे सायलेन्सर. प्रत्येक बॉनेटवर हार, प्रत्येक चाकाखाली लिंबू.

आमचा नंबर आला तेव्हा महाराजांनी बॉनेटला कान लावला आणि डोळे मिटले.

"चढावर टकटक करते?"

"हो महाराज," माझा नवरा शेखर म्हणाला. "पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी."

"आत्मा कोंडलाय. दार वाजवतोय. गाडीचा पहिला मालक कोण?"

"मीच. शोरूममधून नवी घेतली."

महाराजांनी दुसरा कान बॉनेटला लावला. "मग शोरूममधलाच कुणीतरी असेल. टाकी उपाशी आणलीस ना?"

हा आश्रमाचा नियम. भक्ताने उपवास केला नाही तरी चालेल, टाकीला मात्र उपवास घडलाच पाहिजे. भरल्या पोटी तीर्थ लागू पडत नाही म्हणे. शेखर इतका भाविक, की शेवटचे दोन किलोमीटर आम्ही देवाच्या नव्हे, वाफेच्या भरवशावर आलो.

चिमाजी नावाच्या शिष्याने पितळी कळशीतून त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडाचं म्हणून तीर्थ टाकीत ओतलं. महाराजांनी मंत्र म्हटला. त्यात 'ॐ'च्या जवळपास 'टर्बो' असं काहीतरी ऐकू आलं. मग शेखरने मागच्या टेकाडावर गाडी चढवली. टकटक नाही. अजिबात नाही. शेखरच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, मीही हात जोडले. दोन महिने तो आवाज ऐकून माझं काळीज गाडीसोबत वाजत होतं.

घराजवळच्या छोट्या फेऱ्यांत नऊ दिवस शांततेत गेले. दहाव्या दिवशी शेखरने पेट्रोल भरलं आणि शहरातल्या द्वारका चौकाच्या उड्डाणपुलावर चढताना आत्मा परत हजर.

"तू शंका घेतलीस," शेखर म्हणाला.

"मी तर हात जोडले होते."

"मनापासून नसतील."

मला भांडायला सवड नव्हती. पुढच्या शनिवारी कल्याणला नणंदेच्या बाळाचं बारसं. येताना सामानाने भरलेली गाडी, समोर कसारा घाटाची चढण, मागे ट्रक आणि मागच्या सीटवर आमची चार वर्षांची आरोही. बसने जाऊ म्हटलं, तर शेखरचं तोंड उतरलं. दारात अशी गाडी असताना बस?

शेवटी मी खुशनुमाला गाठलं. ती माझी कॉलेजची मैत्रीण, आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवते. बागेत आरोहीला झोका देत देत मी तिला सगळं सांगितलं.

"गाडी मॉडिफाय केलीय ना?"

"हो. त्यानंतरच टकटक सुरू झाली."

"मग आत्मा वगैरे सोड. झोका अजून तुझ्याकडे येतोय आणि तू मध्येच पुढे ढकललास तर?"

"मनगटाला झटका बसेल."

"इंजिनात तेच चाललंय. पिस्टन वर येत असताना ठिणगी पडते. नेमक्या वेळी पडली तर जोर मिळतो. जास्त ताकद काढायच्या नादात ट्यूनरने, म्हणजे गाडी मॉडिफाय करणाऱ्याने, ती फारच आधी आणलीय. मग आतली गरमी नि दाब इतका वाढतो, की उरलेलं पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपणच फुटतं. तीच तुझी टकटक. गाडीत ती ऐकणारा सेन्सर असतो, तो ठिणगी आपोआप मागे घेतो. पण याने त्याचा कानच बंद केलेला दिसतो."

"आणि असंच चालवत राहिलं तर?"

ती आरोहीकडे बघत म्हणाली, "पिस्टनला भोक पडेल. कुठे पडेल ते सांगता येत नाही. भर घाटातसुद्धा."

माझा हात झोक्यावरच थांबला. "पण तीर्थाने आवाज गेला होता गं."

"तेच तर. टाकीत खरंच कुशावर्ताचं पाणी गेलं असतं ना, तर गाडी आश्रमाच्या फाटकातच आचके देत बंद पडली असती. तुमच्या महाराजांनी पाणी घातलं नाही, हाच काय तो चमत्कार."

बारशाआधीच्या रविवारी परत तीर्थ घ्यायला आम्ही चौघं आश्रमात. शेखर येताना बजावत होता, "खुशनुमा, तिथे काही बोलू नकोस हं. माझी इज्जत आहे तिथे."

"तुझी की गाडीची?" ती म्हणाली.

आमच्या आधीच्या गाडीसाठी चिमाजीने कळशी उचलली. "तीर्थ, तीर्थ," म्हणत लोकांनी वाट करून दिली. आणि माझ्या सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे आरोहीने उजवा तळहात खोलगट करून पुढे धरला. चिमाजीने सवयीने कळशी कलती केली.

"अरे, पोरीला नको," महाराज ओरडले. "मरेल ती."

मी आरोहीचा हात ओढून घेतला आणि तिला कडेवर उचललं.

फाटकाशी नारळ-लिंबं विकणाऱ्या मालनबाई पुढे आल्या. घोटीच्या बाई, आवाज बाजाराचा. "आवं म्हाराज, तीर्थानं मरतंय व्हय कुणी? हात पुढं केला तर नाय म्हनू नये, आमाला तर आसंच शिकवलंय."

"हे गाड्यांचं तीर्थ आहे, माय. माणसांना सोसत नाही."

"मग तुमी घोटभर घ्या. तुमी तर देवमानूस."

महाराजांना अचानक मौनव्रत आठवलं.

खुशनुमाने प्रसादाची थर्माकोलची एक प्लेट चिमाजीपुढे धरली. त्याने बिचाऱ्याने दोन थेंब टाकले. बघता बघता प्लेटला भोक पडलं आणि थिनरसारखा वास सुटला.

"टोल्युइन असावं, थिनरमध्ये असतं ते रसायन," खुशनुमा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वर्गात शिकवते मी हे. पेट्रोलमध्ये मिसळलं की पेट्रोल लवकर फुटत नाही, म्हणून टकटक थांबते. भरल्या टाकीत ते पातळ होऊन जातं, म्हणून उपवास. नवीन पेट्रोल भरलं की आत्मा परत, आणि तुम्हीही परत."

तिने लॅपटॉप आमच्या गाडीला जोडला. सेन्सरचा कान उघडला आणि ठिणगीची वेळ थोडी मागे आणली. शेजारच्या पंपावरून टाकीत साधं पेट्रोल, तेही काठोकाठ. मंत्र नाही, लिंबू नाही. शेखरने गाडी टेकाडावर घातली. आवाज नाही.

तो खाली उतरून म्हणाला, "पण पिकअप जरा कमी झाला."

"होणारच," खुशनुमा म्हणाली. "ती ताकद तू इंजिनाकडून उसनी घेत होतास."

शेखरने आरोहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि आमच्या नऊ वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तो गाडीबद्दल "असू दे" म्हणाला.

शनिवारी बारशाहून परतताना आम्ही घाट चढलो. दोन ट्रक आम्हाला मागे टाकून गेले. शेखरने दातओठ खाल्ले, पण आरोही निवांत झोपली होती.

देव मानावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण उपाय सांगणाऱ्याला एवढं तरी विचारा: यात काय आहे, ते कसं काम करतं आणि ते परत परत का लागतं? उत्तर खरं असेल तर विचारल्याने ते बिघडत नाही. आणि उत्तराऐवजी तुमच्या श्रद्धेतच खोट काढली गेली, तर पोराचा हात धरा आणि तिथून निघा.