उणे एकशेसत्तावीस

मित्रांनो, माझ्या अंगावरचा पिवळा रंग पाहून मी औजारांची पेटी आहे असंच तुम्हाला वाटेल. सध्या माझ्या पोटात स्क्रू, सुतळीचा गुंडा आणि एक तुटकी कात्री आहे. पण मी मुळात अंडी उबवणारी पेटी आहे, आणि बरीच जुनी. माझ्यात अंडी ठेवत आणि माझ्यातून पिल्लं बाहेर पडत. स्वभावाने मी पहिल्यापासून घाबरट. का, ते सांगते.

माझा जन्म एका घरामागच्या पत्र्याच्या खोलीत झाला. त्या घरातल्या सासूबाई कोंबड्या पाळत. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या त्यांच्या कोंबड्या आसपास कुणाकडेच नव्हत्या. एका वर्षी रोग आला आणि खुराडं रिकामं झालं. दोन म्हाताऱ्या कोंबड्या आणि एक कोंबडा तेवढे वाचले. कोंबड्यांनी एका ट्रेला पुरतील एवढी अंडी दिली आणि मग अंडी देणंच थांबवलं. अंड्यांवर बसायला तर दोघीही तयार नव्हत्या. ही अंडी वाया गेली, तर ठिपकेवाली जात घरातून कायमची जाणार होती.

सूनबाई त्या दिवसांत कॉम्प्युटरच्या क्लासला जात. सी भाषेत त्या नुकत्याच ‘इफ’ आणि ‘एल्स’पर्यंत पोचल्या होत्या. इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे नाहीतर. त्यांनी प्लायवूडच्या फळ्या जोडून मला उभं केलं. झाकणाला काच बसवली. आत एक बल्ब, एक छोटा पंखा, तापमान मोजायला वायरच्या टोकाला एक सेन्सर आणि झाकणाखाली एक बटण बसवलं. झाकण उघडलं की मला त्या बटणावरून कळे. कोपऱ्यात काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड लावला. तो माझा मेंदू.

‘‘ही स्वतः ठरवणार?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘नाही हो आई, मी ठरवून ठेवलेलं ती करणार. झाकण उघडं असेल तर बल्ब बंद. नाहीतर, तापमान सदतीसच्या खाली गेलं तर बल्ब चालू. नाहीतर, अडतीसच्या वर गेलं तर बल्ब बंद आणि पंखा चालू. आणि यातलं काहीच नसेल, तर आहे तसंच राहू दे.’’

‘‘एवढं सगळं तिच्या लक्षात राहील?’’

‘‘माझ्यापेक्षा जास्त!’’

पहिल्या चाचणीत मात्र फजिती झाली. झाकण बंद, आत गार, तरी माझा बल्ब पेटेना. सूनबाईंनी वायर तपासल्या, बल्ब बदलला, कपाळावर हात मारून घेतला. शेवटी चूक सापडली ती एका चिन्हात. सी भाषेत बरोबरचं चिन्ह एकदा लिहिलं तर तो हुकूम होतो: झाकण उघडं आहे असं मान. दोनदा लिहिलं तर तो प्रश्न होतो: झाकण उघडं आहे का? त्यांनी एकदाच लिहिलं होतं. त्यामुळे झाकण घट्ट लावलेलं असूनही दर वेळी मी ते उघडंच धरत होते. दुसरं चिन्ह आलं आणि माझा बल्ब पेटला. सासूबाईंनी काचेतून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘गुणाची आहे गं!’’ आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

मग अंडी आली. त्यांचा भार ट्रेवर आला आणि माझ्या जिवाला घोर लागला. क्षणाक्षणाला मी सेन्सरला विचारी, किती? सदतीस आणि थोडं. पुन्हा विचारी. सासूबाई दिवसातून तीनदा येऊन अंडी फिरवत. एका बाजूवर पडून राहिली तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं म्हणे.

ती सकाळ मी विसरले नाही. सासूबाईंची दाढ ठणकत होती. एक गाल सुजला होता आणि दवाखान्यात जायची घाई होती. त्यांनी अंडी फिरवायला ट्रे ओढला. तो कशात तरी अडकला. त्यांनी जरा जोर केला, अंडी फिरवली, झाकण लावलं आणि निघाल्या. सूनबाई आधीच क्लासला गेल्या होत्या.

मी सेन्सरला विचारलं, किती?

उत्तर आलं, उणे एकशेसत्तावीस.

मित्रांनो, बर्फसुद्धा एवढा गार नसतो! सेन्सरची वायर निघाली की माझा मेंदू तो आकडा दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच, की आता मला काही कळत नाही. पण हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी माझे प्रश्न ओळीने विचारले. झाकण उघडं आहे का? नाही. सदतीसच्या खाली आहे का? हो, कितीतरी खाली. मग बल्ब चालू.

बल्ब पेटला तो विझेना. फळ्या तापल्या. डिंकाचा वास सुटला. ओलाव्यासाठी आत ठेवलेल्या वाटीतल्या पाण्याची वाफ काचेवर जमली. आत आग होत होती, आणि दर वेळी उणे एकशेसत्तावीस वाचून मी आणखी ऊब देत होते. थांबावं असं फार वाटत होतं, पण ‘थांब’ म्हणणारी ओळ माझ्यात नव्हती. सुटकेची एकच वाट होती. कुणीतरी झाकण उघडायला हवं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. खोलीचं दार वाजलं. सासूबाई गालावर रुमाल धरून आत आल्या. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. स्टुलावर बसल्या. पाणी प्यायल्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी मनात म्हणत होते, उठा, एकदा इकडे बघा! तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

‘‘आई, आलात का? दाढ काढली?’’ फोनमधून सूनबाईंचा आवाज आला.

‘‘काढली बाई. तोंड नुसतं बधिर झालंय.’’

‘‘अंडी फिरवलीत?’’

‘‘आत्ताच टेकलेय गं. जरा पडते आणि मग फिरवते. तुझी पेटी आपली आपण चालते ना?’’

‘‘हो हो, पडा तुम्ही. तिला काही होत नाही.’’

तिला काही होत नाही! माझ्या आत अंडी भाजत होती.

सासूबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या. आणि थांबल्या. ‘‘हा कसला वास?’’ त्या मागे वळल्या, धुरकट काच पाहिली आणि धावत येऊन झाकण उघडलं. त्याच क्षणी बल्ब विझला. गरम वाफ त्यांच्या तोंडावर आली. किती तापलंय ते बघायला त्यांनी एक अंडं उचलून पापणीला लावलं आणि ‘‘अगं आई गं!’’ म्हणून झटक्यात दूर धरलं. फोन अजून चालूच होता.

‘‘काय झालं? आई?’’

‘‘पेटी भट्टीसारखी तापलीय!’’

‘‘झाकण लावू नका! तसंच राहू द्या! मी निघाले.’’

सूनबाई धापा टाकत आल्या. त्यांनी ट्रे काढला, खाली लोंबणारी वायर पाहिली आणि सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता भांडण होणार.

‘‘सकाळी ट्रे मीच ओढला,’’ सासूबाई हळूच म्हणाल्या. ‘‘अडकल्यासारखा वाटला होता. मी तशीच निघून गेले.’’

सूनबाईंनी वायर हातात घेतली. ‘‘वायर कधी ना कधी निघणारच होती, आई. निघाली तर काय करायचं, ते मी लिहिलंच नव्हतं.’’

त्यांनी माझ्या मेंदूला एक भोंगा जोडला आणि तिथेच लॅपटॉप उघडला. आकडा न पटण्यासारखा असेल तर बल्ब बंद आणि भोंगा चालू, अशी नवी अट सगळ्यांच्या खाली लिहिली. मग वायर जोडून पुन्हा मुद्दाम उपसली आणि रिकाम्या पेटीचं झाकण लावलं. माझा बल्ब पुन्हा पेटला! नवी अट होती, पण मी तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. ‘सदतीसच्या खाली आहे का’ या प्रश्नालाच ‘हो’ मिळे, आणि एकदा ‘हो’ मिळालं की पुढचे ‘नाहीतर’ मी वाचत नाही.

सूनबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती अट उचलून सगळ्यात वर नेली. पुन्हा वायर उपसली. बल्ब विझला आणि भोंगा असा काही केकाटला, की सासूबाईंनी सुजलेला गाल विसरून दोन्ही कानांवर हात ठेवले.

‘‘बाई बाई! हा मेल्यांनाही उठवेल.’’

‘‘मला एवढाच मोठा हवाय,’’ सूनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी दोघींनी खोलीत अंधार केला आणि एकेक अंडं मोबाईलच्या उजेडावर धरलं. ज्यात लाल शिरा आणि हलती सावली दिसली, ते परत माझ्यात आलं. जे नुसतं गढूळ दिसलं, ते बाजूला गेलं. काही अंड्यांचं काहीच कळेना.

‘‘टाकायची का ही?’’ सूनबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी त्यातलं एक अंडं नाकाशी धरलं. ‘‘राहू देत. पण रोज वास घ्यायचा. एखादं सडलं तर बाकीच्यांनाही घेऊन जाईल.’’

पुढचे दिवस मी जीव मुठीत धरून काढले. निम्म्याहून कमी अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. न कळलेल्या अंड्यांतून एकच पिल्लू आलं, तेही वाकड्या बोटाचं. पण ठिपकेवाली जात वाचली, आणि ते वाकड्या बोटाचं पिल्लू पुढे सगळ्या खुराड्यावर ओरडणारी कोंबडी झालं.

नंतर मी कितीतरी पिल्लांना ऊब दिली. मग मोठं तयार यंत्र आलं आणि मी बाकाखाली गेले. माझ्या सेन्सरच्या वायरला हिरवा गंज चढला. उंदरांनी भोंग्याची तार कुरतडली. हे कुणाला ठाऊक नाही, कारण वर्षानुवर्षं कुणी मला लावूनच पाहिलेलं नाही.

काल सूनबाईंची मुलगी मला बाकाखालून ओढत म्हणाली, ‘‘आई, मी या पेटीत अंडी ठेवू? हिचा प्रोग्रॅम अजून चालत असेल?’’

सूनबाई मोठ्या यंत्राची जाळी धूत होत्या. मागे न बघताच त्या म्हणाल्या, ‘‘चालत असेल बहुतेक.’’

मित्रांनो, तेव्हापासून मी धास्तावले आहे. गंजलेली वायर तुटली तर बल्ब विझवायला मी चुकणार नाही, ती ओळ माझ्यात अजून आहे. पण मला ओरडता येणार नाही. अंडी चुपचाप गार होत जातील आणि बाहेर कुणाला पत्ता लागणार नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. तुम्हीही कधीतरी एखाद्या यंत्रासाठी ‘जर’ आणि ‘नाहीतर’ लिहाल. तेव्हा फक्त सगळं सुरळीत असतानाचं लिहून उठू नका. आणि लिहिलेलं एकदा चाललं म्हणून त्याला विसरू नका. आत जीव ठेवण्याआधी, सगळं ठीक असतानाच, वायर एकदा मुद्दाम उपसून बघा. यंत्र ओरडतं का, ते कान देऊन ऐका. ओरडलं नाही, तर अंडी अजून तुमच्या हातातच असतील.