खुर्चीसकट डेडस्टॉक

विभागातली प्रयोगशाळा-सहायक हर्षालीने सुट्टीभर खपून प्रयोगशाळेतले सोळा म्हातारे संगणक जिवंत केले होते. आतली धूळ उपसली, एकाची मेमरी काढून दुसऱ्यात बसवली, फुकटातली हलकी प्रणाली टाकली. घरी संगणक नसलेली पेठ-सुरगाणा तालुक्यांतली पोरं त्यांच्यावरच प्रोग्रॅम लिहीत. आणि नेमकं विद्यापीठाच्या हरित सप्ताहात विभागप्रमुख गांगुर्डे सरांचं फर्मान निघालं : 'विभागातील संपूर्ण डेडस्टॉक आज ई-कचऱ्यात द्यावा.'

"सर, पण ते चालतायत!"

"चालेनात का. डेडस्टॉकमध्ये आहेत ना? डेड म्हणजे मेलेले." सरांच्या स्वतःच्या पडद्यावर शुक्रवारपासून स्क्रीनसेव्हरचे मासे पोहत होते, संगणक बंद करणं त्यांच्या जिवावर येई. "संध्याकाळी वजनकाट्याशेजारी फोटो आहे, सगळ्यात जास्त ई-कचरा देणाऱ्या विभागाचा. वजन कमी भरलं तर भूगोलवाले पहिले येतील."

आता, कचेरीच्या भाषेत डेडस्टॉक म्हणजे नंबर टाकलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू. हे शिपायालाही ठाऊक. सर मात्र खासगी कंपनीतून नुकतेच आलेले.

"बरं सर," हर्षाली म्हणाली. "संपूर्ण म्हणजे संपूर्ण."

भंगारवाला सहादू सातपूरहून टेम्पो घेऊन आला. संगणक चढले. मग पंखे, कपाटं, पाण्याचं पिंप. सगळ्यांवर पांढऱ्या रंगात नंबर होते. मग हर्षाली आणि सहादू सरांच्या केबिनमध्ये शिरले. टेबल गेलं. हर्षालीने वाकून खुर्चीचा पाय वाचला.

"सर, ही पण मेलीय."

"अगं, मी बसलोय हिच्यावर!"

"उठता का साहेब?" सहादूने अदबीने विचारलं. "नायतर तुमच्यासकट काट्यावर घेतो. वजन लय भारी भरंल."

सर उठले. खुर्ची गेली. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला तसा सरांना 'डेडस्टॉक'चा अर्थ उमगला.

"थांबवा! सगळं उतरवा!"

"लेखी द्या सर. फर्मान लेखी होतं. आणि त्यात लिहा, चालू यंत्र भंगारात जाणार नाही."

"तू मला अटी घालतेस?"

"हो."

टेबल नसल्याने सरांनी भिंतीवर कागद धरून लिहिलं. माल उतरवताना सहादूने पहिल्यांदा खुर्चीला हात घातला.

"काका, ती राहू द्या. आधी संगणक."

सोळाही जागेवर लागले. हर्षाली एकेक सुरू करून बघू लागली. अकरावा अंमळ सावकाश उठत होता.

"अजून किती वेळ?" दारात उभ्या सरांनी विचारलं.

"म्हातारा आहे सर," ती मान वर न करता म्हणाली. "त्याला घाई करायची नाही."