प्लास्टरच्या जबड्याची अक्कलदाढ

"वहिनी, सांगतो ते कुणालाच खरं वाटत नाही, घरी बायकोलासुद्धा नाही. पण या प्लास्टरच्या जबड्याला अक्कलदाढ फुटली होती!"

हे मी म्हटलं तेव्हा साडेचार वाजले होते. पायांत गोळे आले होते, घसा बसला होता. सकाळपासून एक्केचाळीस जणांना या जबड्यावर ब्रश फिरवून एकच सांगणं: ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे, हलक्या हातानं, करपलेलं पातेलं घासल्यासारखा नाही. सव्वीस वर्षं फिरत्या दवाखान्याच्या गाडीबरोबर हेच बोलतोय. आता माझीच जीभ मला कंटाळलीय.

बेचाळिसाव्या या वहिनी. माझ्या गेलेल्या गवंडी मित्राची बायको. गाल डोळ्यापर्यंत सुजलेला, ओठ घट्ट मिटलेले. मागच्या दोन्ही खेपांना अशाच खुर्चीत बसल्या आणि न दाखवता उठून गेल्या. पाचला गाडी निघणार, ती परत तीन महिन्यांनी येणार.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "पू गळ्याकडे उतरला तर जिवावर बेतेल, मामा. पुढचं मी बघते, एकदा तोंड तेवढं उघडायला लावा." त्याही सकाळपासून उभ्याच होत्या.

म्हणून जबडा मांडीवर घेऊन मी स्टुलावर टेकलो होतो.

"अहो, रोज लोकांपुढे घासून घासून त्याला वाटायला लागलं, आपण खरेच! एकदा मी महिनाभर आजारी पडलो. बरा होऊन पिशवी उघडतो तर काय, तोंडाला वास! मागे कोपऱ्यात नवीकोरी दाढ, आणि वर कुरकुर, मामा, ठणकतंय हो. लवंगेचं तेल लावायला गेलो, तर मेल्यानं अख्खी बाटली संपवली."

वहिनींनी एक भुवई उडवली. नाकातून 'हं' केलं. ओठ तसेच.

पावणेपाच. एकच गोष्ट उरली होती, आणि ती सांगायला जीव होत नव्हता. गवंड्यानं दाढ दाखवायला इतका उशीर केला होता, की भुलीचं इंजेक्शनसुद्धा धड लागलं नव्हतं.

"बरं, जबड्याचं राहू द्या. आमच्या गवंड्याचं घ्या. याच खुर्चीत दाढ काढली त्याची, मी शेजारी उभा होतो. काय सांगू वहिनी, तोंडात पक्कड आणि गडी चक्क शीळ घालतोय! वर मला म्हणतो, दुसरीही काढा की, हात लागलाच आहे तर."

वहिनी खुर्चीत ताडकन सरळ झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आवाज न करता दिवा वळवला.

"खोटं! साफ खोटं! मेलेल्या माणसावर काय वाटेल ते रचताय, भावोजी? हंबरडा फोडला होता त्यांनी, हंबरडा! बाहेर पायरीवर बसून ऐकलाय मी. कसा ते सांगू? अस्सा... आऽऽऽऽ!"