सगळ्यांना सारखा आवाज

साहेब, माझ्या बहिणीला तिच्याच व्हायोलिनपासून तोडलंत ते तुम्ही. आजाराने अर्धं काम केलं होतं, उरलेलं तुमच्या सहीने आणि गमाच्या एका नळीने केलं. तुम्ही त्याला जतन म्हणता. मी आडमुठेपणा म्हणतो. तुमच्या केबिनमध्ये, तुमच्या तोंडावर म्हणालो होतो, इथे या उघड्या पत्रात पुन्हा लिहितो.

बाकीच्यांना प्रकरण माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. हे साहेब आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे प्रमुख. तिथे वरच्या मजल्यावर रेकॉर्डी ऐकायची खोली आहे. भिंतींना बुचाचे तक्ते, दोन खुर्च्या, दोन हेडफोन आणि टेबलावर जुना स्टिरिओ प्रीॲम्प. सुईने उचललेला आवाज फार बारीक असतो, त्याला नीट करून पुढे पाठवायचं काम ही पेटी करते. सोनेरी दर्शनी पत्रा, आत काचेचे व्हॉल्व्ह. सुरू केली की तिला तापायला वेळ द्यावा लागतो. मग एकेक बटण फिरवा, बोटाला घट्ट टक्क लागतं. खर्जाचं आणि तीव्र सुरांचं बटण डाव्या बाजूला वेगळं, उजव्या बाजूला वेगळं. खरखर कापायचा खटका निराळा. ज्याने कुणी ती बनवली त्याला एवढं नक्की ठाऊक होतं की ऐकायला बसणारी माणसं एका साच्यातली नसतात.

माझ्या ताईला उजव्या कानाने ऐकू येत नाही. आता डावाही चाललाय. डॉक्टर म्हणाले, "जे मनापासून ऐकायचंय ते या वर्षात ऐकून घ्या."

ताईला एकच गोष्ट ऐकायची होती. तरुणपणी तिने आणि तिच्या मैत्रिणीने, ढमीने, दोन व्हायोलिनांची एक रेकॉर्ड केली होती. ढमी सूर टाकायची, ताई उलट उत्तर द्यायची, दोघी शेवटी तावातावाने भांडायच्या. रेकॉर्डिंगवाल्याने स्टिरिओच्या हौसेपायी ढमीला पूर्ण डाव्या बाजूला घातलं आणि ताईला पूर्ण उजव्या. ढमी आता या जगात नाही. रेकॉर्ड फक्त वाचनालयात आहे. ती घरी देत नाहीत, तिची कॉपीही करू देत नाहीत. नियम तुमचाच.

तरी अडत नव्हतं. पेटीवर 'मोड' लिहिलेलं बटण आहे. ते फिरवलं की दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत सारखेच येतात. खोली सांभाळणारे काका ताई आली की न सांगता ते फिरवून ठेवायचे. ताई एका कानात दोघींना घेऊन बसायची आणि मध्येच हसायची. "बघ, इथे ढमीने मला खिंडीत गाठलंय. आता बघ मी कशी सुटते!"

मग तुम्ही पाहुणे घेऊन खोली दाखवायला आलात. हेडफोन त्यांच्या डोक्याला लावलात आणि ऐटीत पेटीवरचा एक खटका दाबलात. तो टेप मॉनिटरचा. तो दाबला की पेटी रेकॉर्ड सोडून टेपरेकॉर्डरचा आवाज घेते, आणि टेपरेकॉर्डर जोडलेलाच नव्हता. आवाज गुल. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. काका पुढे होऊन म्हणाले, "साहेब, तो खटका वर करा." तुम्ही त्यांना हातानेच मागे सारलंत. "लोक वाट्टेल तसं पिळतात, म्हणून मशीन बिघडतं!"

दाबलं कुणी? तुम्ही. खापर कुणावर? आमच्यावर.

पुढच्या आठवड्यात ताईबरोबर मी गेलो. काका मान खाली घालून उभे होते.

"काका, हे फिरत का नाही?"

"गम भरलाय. आवाजाचं तेवढं मोकळं ठेवलंय. बाकी सगळं साहेबांनी उभं राहून सरळ रेषेत लावून घेतलं. बटणांचे काटे कसे मधोमध दिसले पाहिजेत म्हणे."

मोड स्टिरिओवर, म्हणजे डावं फक्त डाव्या कानात, उजवं फक्त उजव्या. कायमचा. ताईने हेडफोन लावला, थोडं ऐकलं आणि काढून मांडीवर ठेवला. "ढमी एकटीच विचारतेय रे. आणि मी गप्प. मी कधी गप्प बसले होते का तिच्यासमोर?"

मी तडक तुमच्या केबिनमध्ये आलो. तुम्ही म्हणालात, "सेटिंग प्रमाणित आहे. सगळ्यांना सारखा आवाज मिळतो. कुणावर अन्याय नाही."

"एका कानाच्या माणसाला अर्धाच मिळतो, साहेब."

"मग हेडफोन उलटा घालायला सांगा की."

आणि हसलात. तुमचा शिपाईसुद्धा हसला नाही, तुम्ही हसलात.

तरी ताईने घातला हो, उलटा. मग तिला तीच ऐकू आली, ढमी गेली. समोर कुणी नसताना हातवारे करणाऱ्या बाईसारखं वाटतं म्हणाली. काकांनी दोन्ही आवाज एकत्र करणारी छोटी पिन स्वतःच्या घरून आणली, तर तुमची चिठ्ठी आली: यंत्राला बाहेरची वस्तू जोडू नये. अहो, आतली चालत होती ती तुम्हीच बुजवलीत ना!

परवा ताईने फोनवर मला दोनदा "काय?" विचारलं. आधी विचारत नव्हती. मग म्हणाली, "जाऊ दे, कशाला त्यांच्या नादी लागतोस? ढमीचा भाग मला पाठ आहे." स्वतःचा पाठ नाही तिला, तो त्या वेळी सुचेल तसा वाजवला होता. ती सोडून देईल. मी देणार नाही.

काका म्हणतात, गम औषधाने विरघळतो, पत्र्याला ओरखडा येत नाही, दुपारभराचं काम आहे. फक्त तुमची परवानगी हवी. मी तीन अर्ज दिले, तुमच्या कार्यालयाने तिन्हींवर पोच दिली, उत्तर एकावरही नाही. "विचाराधीन आहे" हे मला नकोय, ताईचा कान विचाराधीन राहत नाही. मोडचं ते एक बटण तुम्ही सोडवणार आहात की नाही? नसाल, तर माझ्या बहिणीसमोर बसा, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात सांगा, का नाही?