मथुराबाईंचा लेप

"मशीनला एसी आणि आपल्याला पंखा. तोही खडखडणारा," नेत्रा कल्पिताच्या कानाशी पुटपुटली.

अंधेरी पूर्वेच्या त्या प्रयोगशाळेत झाडपाल्याचे अर्क तपासायचं काम आता यंत्राचा हात करत असे. इवल्या इवल्या खळग्यांच्या प्लेटमध्ये तो न दमता थेंब टाकी. सूज वाढवणारं एन्झाइम जोरात असलं की खळगा चमके. अर्काने त्याला दाबलं की चमक मंदावे. बहुतेक खळगे चमकतच. कुणाकुणाच्या आशा अशा लखलखत वाया जाताना बघायच्या, प्लेट धुवायला टाकायची, दुसरी लावायची. कल्पिताला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आज मात्र कोपऱ्यातल्या रिकाम्या खळग्यांत, साहेबांना विचारून, तिने आईचा लेप भरला होता. वेसाव्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या मथुराबाई कसलासा पाला हळदीत वाटून गुडघ्यांना लावत. पाल्याचं नाव विचारलं तर म्हणत, "सासूनं दावला. नाव कशाला पुसू?"

"कल्पे, इकडे बघ! नव्वद टक्क्यांच्या वर दाबलंय!" नेत्रा ओरडली. "तुझी आई झकास निघाली यार!"

कल्पिताने लगेच घरी फोन केला. तिथेच चुकलं.

संध्याकाळी ती घरी पोचेपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं. "मशीननं पास केला माझा लेप," मथुराबाई दारात बसून सांगत होत्या.

हल्ली पाटी त्यांची सून सुलक्षणा डोक्यावर नेई आणि सासूला रिक्षातून आणी. बाजारातल्या जागेवर मात्र मथुराबाईच बसत. ती जागा त्यांच्या सासूची. सुलक्षणाने कधी मागितली नाही आणि तिला दे असं कुणी म्हटलं नाही. मथुराबाईंना उठवायला दोघी लागतात, हेही घरात कुणी उच्चारत नसे.

"उद्या मी एकटी जानार," त्या सुनेला म्हणाल्या. "तू घरी ऱ्हा गो. जरा पाय पसर."

सुलक्षणाने कल्पिताकडे बघितलं. कल्पिताने भाताचं झाकण उघडून बघितलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बोटांवरची पिवळी झाक धुता धुता तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने आधीच चमकणारा तयार द्रव घेतला आणि त्यात लेप टाकला. तिथे दाबायला एन्झाइम नव्हतंच, तरी चमक मावळली. म्हणजे हळद नुसता उजेड अडवत होती. मग लेपाबरोबर नमुन्याला आणलेला नुसता पाला, हळदीवाचून, यंत्राला दिला. खळगे लखलखले.

"हळदीनं वाट लावली," नेत्रा म्हणाली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आईला नको ना सांगूस. बरं वाटतंय, तर वाटू दे."

"ती एकटी गेलीय बाजारात," कल्पिता म्हणाली आणि अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेली.

दुपार कलली होती. बाजार उठला होता. शेजारणींचे ओटे धुऊन झाले होते आणि मांजरंही पांगली होती. मथुराबाई आपल्या जागेवर ताठ बसल्या होत्या. पाटी रिकामी. पलीकडे बर्फाच्या पेट्यांआड सुलक्षणा उभी होती. आली होती, पण जवळ गेली नव्हती.

"आये, चल ना घरी."

"गिऱ्हाईक येनार हाय."

"मासळी कुठेय?"

मथुराबाईंनी पाटीवरची माशी हाकलली. अजून एक कोळीण टोपली आवरत होती; तिची पाठ फिरेपर्यंत त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही. उठताना कुणी बघू नये म्हणून त्या बसून होत्या, हे कल्पिताच्या तेव्हा ध्यानात आलं. ती ओल्या फरशीवर उकिडवी बसली.

"आये, मशीन फसली गं. हळदीमुळं. मीच घाई केली सांगायची. त्या लेपात काही..."

"मना ठाव हाय."

"काय?"

"लेप लावून रातभर कन्हत असतंय मी. तुमी कूस बदलता, मना काय कलत नाय?" त्यांनी लुगड्यावरून गुडघ्यावर हात ठेवला. "मशीन बोलली तवा वाटलं, मीच चुकत असंन."

कल्पिताने हात पुढे केला. मथुराबाईंनी तो धरला नाही. बर्फाच्या पेट्यांकडे बघून त्या म्हणाल्या,

"सुलक्षणे, लांब कशाला उभी? माझं पाय गेलं गो. ये, उठव मना. आन् उद्यापासून हितं तू बस."